शब्बाथ: विसावा घेणे व विसावा देणे

शास्त्रभाग: अनुवाद ५:१२-१५, लूक १३:१०-१७
घरी वाचावे: उत्पत्ति २:१-३, निर्गम १६:२२-३०, रोम १४:१-१२, इब्री ४:१-११

रविवारी सकाळी हडपसरच्या गाडीतळावर जो कोणी उभा राहील त्यास दोन प्रकारची माणसे दिसतील. काही धुतलेली वस्त्रे घालून, हाती पवित्र शास्त्र व गीतांचे पुस्तक घेऊन उपासनेस निघालेली; आणि काही रात्रपाळी संपवून जड पावलांनी घरी परतणारी, भाजीची पाटी घेऊन बाजाराकडे चाललेली, अथवा डब्याची पिशवी खांद्याला लावून कारखान्याच्या किंवा दवाखान्याच्या दिवसपाळीस जाणारी. ह्या दुसऱ्या लोकांमध्येही आपल्या मंडळ्यांचे सभासद असतात. पहिल्यांस वाटते की, आपण चौथी आज्ञा पाळिली. दुसऱ्यांस वाटते की, आपल्या हातून ती मोडली. ह्या आठवड्याचा पाठ लक्षपूर्वक वाचिला असता दोघांचाही समज अपुरा आहे असे दिसून येईल. शब्बाथाची आज्ञा केवळ विसावा घेण्याविषयी नाही. ती विसावा देण्याविषयीही आहे, आणि तिचा हाच भाग आपल्याकडून अधिक विसरला जातो.

१. विसावा आधी, काम मागाहून

मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला. तेव्हा त्याच्या आयुष्यातील पहिला पूर्ण दिवस कोणता? सातवा. म्हणजे आदामाने बागेत एकही वाफा खणण्यापूर्वी देवाचा विसावा त्याच्यापुढे होता. आपला व्यवहार याच्या उलट आहे. आपण म्हणतो, अगोदर राबावे, घाम गाळावा, मग ज्याने पुरेसे काम केले त्याने बसावे. अशा रीतीने विसावा ही मजुरी होते. ज्याची मजुरी थोडी त्याचा विसावाही थोडा. शास्त्रात मात्र विसावा ही देणगी आहे. शब्बाथ ह्या इब्री शब्दाचा मूळ अर्थ थांबणे असा आहे. देव थकला म्हणून थांबला नाही. यशया संदेष्टा सांगतो की, तो थकत नाही व भागत नाही. जे केले ते चांगले आहे हे पाहून तो थांबला, आणि त्या थांबण्यात त्याने मनुष्यास आपल्याजवळ बसविले.

पुढे रानात मान्न्याची गोष्ट आहे. ती सिनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याच्या आधीची आहे हे ध्यानात ठेवावे. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या मिसर देशात विटा पाडीत होते, त्यांस सुट्टी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांस देवाने सहाव्या दिवशी दोन दिवसांचे अन्न दिले आणि मग सांगितले की, उद्या वेचावयास जाऊ नका. हा क्रम मोठा बोधप्रद आहे. आज्ञा देण्यापूर्वी त्याने भाकर दिली. ज्याचे हातावर पोट आहे, ज्याचा एक दिवसाचा रोज बुडाला तर संध्याकाळी चूल पेटत नाही, त्यास केवळ व्यासपीठावरून विसाव्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु परमेश्वराने तसे केले नाही. गरिबास विसावा घेण्यास सांगणाऱ्याने त्याच्या भाकरीचीही चौकशी केली पाहिजे.

२. ही आज्ञा कोणास सांगितली आहे?

दहा आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी आढळतात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाचे कारण सृष्टीची उत्पत्ति हे दिले आहे; अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मिसर देशातील दास्य व त्यातून झालेली सोडवणूक हे दिले आहे. दोन्ही ठिकाणी एक यादी आहे: पुत्र, कन्या, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परदेशी. अनुवादात बैल व गाढव यांची नावेही वेगळी काढिली आहेत, आणि जसा तुला तसाच तुझ्या दासास व दासीस विसावा मिळावा, असा हेतू उघड सांगितला आहे.

आता विचार करा. ज्याच्या घरी दास नाही त्यास दासाविषयी आज्ञा सांगून काय उपयोग? ज्याच्या हाती दुसऱ्यास थांबविण्याचा अथवा राबविण्याचा अधिकार आहे, त्यालाच हे शब्द उद्देशून आहेत. दासाने शब्बाथ पाळिला की नाही, हा जाब देव प्रथम धन्यास विचारतो.

फारोचे वर्तन पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मोशे व अहरोन त्याजकडे गेले तेव्हा त्याची तक्रार हीच होती की, तुम्ही ह्या लोकांस त्यांच्या कामापासून थांबविता. आणि त्या ठिकाणी मूळ भाषेत शब्बाथाचेच क्रियापद आहे. लोक आळशी झाले आहेत असे म्हणून त्याने त्यांचा पेंढा बंद केला व विटांची गणती मात्र तितकीच ठेविली. विसावा मागणाऱ्यास आळशी म्हणणे ही फारोची भाषा आहे. मिसरातून सुटलेल्याने ती आपल्या खळ्यावर, आपल्या दुकानात अथवा आपल्या स्वयंपाकघरात बोलू नये, म्हणूनच देव म्हणतो की, तू दास होतास ह्याची आठवण ठेव.

शेतकरी बंधूंनी निर्गम ३४:२१ हे वचन अवश्य काढून पाहावे. नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही थांबावे असे तेथे सांगितले आहे. वाफसा मोडत आहे, आभाळ भरून आले आहे, तेव्हा मजुराला व बैलाला सोडणे धन्यास सर्वांत कठीण जाते. आणि त्याच वेळी त्यांस विश्रांतीची गरज सर्वांत अधिक असते. आमोसाच्या काळचे व्यापारी शब्बाथ पाळीत होते खरे, परंतु तो संपतो केव्हा आणि खोट्या मापाने धान्य विकावयास बसतो केव्हा, ह्याकडे त्यांचे चित्त होते. नहेम्याने यरुशलेमेत शब्बाथाच्या दिवशी ओझी येताना पाहिली तेव्हा यहूदाच्या थोर लोकांस त्याने जाब विचारिला व नगराच्या वेशी लावून घेतल्या.

३. महाराष्ट्रातील दोन साक्षी

ह्या आज्ञेचे पालन पाहण्यासाठी आपणांस यरुशलेमेपर्यंत जाण्याचे कारण नाही. कोकणात, आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्या भागातील गावांत, बेने इस्राएल लोक पुष्कळ पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आले. ते यहूदी होते, परंतु आपल्या लोकांपासून फार काळ तुटलेले. त्यांची भाषा मराठी झाली, पेहराव शेजाऱ्यांसारखा झाला, इब्री शिकविणारे कोणी उरले नाही. तरी सुंता, देव एकच आहे ही कबुली, आणि शनिवारचा विसावा ह्या गोष्टी त्यांनी सोडिल्या नाहीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. जे सोमवारी घाणा बंद ठेवीत ते सोमवार तेली. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि कोठेच पोहोचत नाही. म्हणून राबून राबून पिचलेल्या मनुष्यास आपण घाण्याचा बैल म्हणतो. शनवार तेल्याच्या दारचा घाणा थांबला म्हणजे धनी व बैल दोघेही एकाच दिवशी सुटत. पुष्कळशी ग्रंथविद्या हरपली असताही एका आज्ञेने त्या लोकांची ओळख राखिली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरी साक्ष मुंबईच्या गिरण्यांतली आहे. रविवारची सुट्टी ही साहेबाची देणगी आहे, असे पुष्कळ लोक समजतात. सरकारी कचेऱ्यांपुरते व शाळांपुरते ते खरे असेल. परंतु गिरणीतील मजुरास ती आयती मिळाली नाही. कचेऱ्या बंद असत आणि उपासनामंदिरांच्या घंटा वाजत असत, त्या दिवशीही हजारो स्त्रीपुरुष यंत्रांपुढे उभे असत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांपुरत्या महिन्यास चार सुट्ट्या ठरविल्या. मोठ्या माणसांस काहीच नाही. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. त्यातील मागण्या अशा: दर रविवारी पूर्ण विसावा, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत वेतन. सहा वर्षे खटपट चालली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा झाली व तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला आधार दिला. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत मरण पावले.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. ज्या मजुरांसाठी ते झटले त्यांतील पुष्कळ घाटावरून गेलेले, आणि रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार म्हणून त्यांस आधीच प्रिय. हे सांगण्यात आपणांस संकोच वाटू नये. बंदिवानांस परत पाठविण्यासाठी परमेश्वराने कोरेश राजास हाती धरिले असे यशया सांगतो, आणि कोरेश इस्राएली नव्हता. आज आपण ज्या रविवारी निश्चिंतपणे उपासनेस बसतो, तो कष्टकऱ्यांच्या हाती येण्यासाठी कोणी किती झिजले, हे उपकारस्तुतीच्या वेळी स्मरावे.

४. प्रभू येशू व शब्बाथ

प्रभू शब्बाथाच्या दिवशी आपल्या रीतीप्रमाणे सभास्थानात जात असे. तेव्हा त्याने शब्बाथ टाकून दिला असे म्हणणे बरोबर नाही. परूश्यांनी त्या दिवसाभोवती इतकी कुंपणे घातली होती की, आत शिरलेल्या दुबळ्यास श्वास घेणे कठीण झाले होते. ती त्याने काढिली. शिष्यांनी भुकेने कणसे मोडिली तेव्हा त्याने शिकविले की, हा दिवस मनुष्याच्या हितासाठी नेमिला आहे, मनुष्य त्या दिवसाचा वेठबिगार नाही.

लूकाच्या तेराव्या अध्यायातील स्त्री अठरा वर्षे वाकलेली होती. तिला वर पाहता येत नव्हते. प्रभूने तिला बरे केले तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. बरे होण्यास सहा दिवस आहेत, त्यांत या, असे तो म्हणाला. प्रभूने त्याला त्याच्या गोठ्यात नेले: तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल दाव्याचा सोडून पाण्यावर नेता की नाही? मग अब्राहामाच्या ह्या कन्येस सोडू नये काय? मूळ भाषेत बैल सोडणे व स्त्री सोडणे ह्या दोहोंस एकच शब्द आहे. ज्याच्या हातून कधी बैलाचे दावे सुटले आहे त्यास ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. सोडणे हेच शब्बाथाचे काम आहे.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू कष्टी व भाराक्रांत जनांस आपल्याकडे बोलावितो व विसावा देण्याचे वचन देतो. आणि बाराव्याचा आरंभच शब्बाथाच्या गोष्टीने होतो. त्या वचनात तो आपले जू घ्यावयास सांगतो. जू दोन मानांवर बसते. नवा गोऱ्हा जुन्या, शिकलेल्या बैलाशेजारी जुंपतात. ओढ त्याला कळते, पण भार जुना बैल सांभाळतो. ख्रिस्ताजवळचा विसावा असा आहे. काम संपत नाही, पण एकट्याने ओढणे संपते. म्हणून इब्री लोकांस पत्र लिहिणारा म्हणतो की, देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अद्याप राहिलेला आहे, आणि त्यात विश्वासाने प्रवेश करावयाचा आहे. रविवारभर घरी बसूनही कर्ज, मत्सर व उद्याची चिंता यांच्या घाण्यास जुंपलेला मनुष्य विसावलेला नसतो.

५. वार कोणता, आणि ज्यांस सुट्टी नाही त्यांचे काय?

यहूदी लोक सातवा दिवस पाळितात. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, म्हणून मंडळी त्या दिवशी जमू लागली. आपल्या पुणे शहरातच सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट बंधू शनिवार पाळितात. आपण रविवारी भरणाऱ्या शाळेस आजवर शब्बाथशाळा म्हणत आलो, ह्यावरूनही जुन्या दिवसाचा अर्थ आपण नव्या दिवशी चालू ठेविला हे दिसते. वारासंबंधी वाद पडला असता प्रेषित पौलाने रोमकरांस व कलस्सैकरांस जे लिहिले ते पुरेसे आहे: प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करावी, आणि दिवसांवरून कोणी कोणाचा न्याय करू नये.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रविवार ही सार्वजनिक सुट्टी रोमी सम्राट कॉन्स्टंटाईन याने ३२१ साली ठरविली. त्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांस रविवारची सुट्टी नव्हती. त्यांतले कितीएक गुलाम होते, धन्याच्या हाकेस बांधलेले. बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने इसवी सन ११२ च्या सुमारास सम्राटास कळविले की, हे लोक एका ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात व ख्रिस्तास देव मानून स्तवन गातात. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये त्रोवस येथील मंडळी रात्री माडीवर जमली होती, आणि युतुख नावाचा तरुण डुलकी लागून खिडकीतून खाली पडला. प्रेषिताने त्यास दोष दिला नाही. तो खाली उतरला व त्यास कवटाळिले.

तेव्हा रविवारी फाटकावर पहारा करणारा रखवालदार, रुग्णाजवळ उभी असलेली परिचारिका, ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर गेलेले कुटुंब, हे मंडळीच्या कडेला पडलेले लोक नव्हेत. सुट्टीवाचून प्रभूचा दिवस पाळणाऱ्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती पंक्तीत ते बसले आहेत. त्यांनी हजेरी चुकविली असे म्हणण्यापूर्वी, मंडळीने त्यांची वेळ चुकविली काय, हे पाहावे.

६. आचरणासाठी

पहिली गोष्ट घरातली. उपासनेनंतर पाहुणे येतात, दोन भाज्या अधिक होतात, आणि भांडी घासणाऱ्या बाईस त्या दिवशी लवकर ये व उशिरा जा असे सांगण्यात येते. कारखान्यांसाठी व दुकानांसाठी कायदे झाले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा देताना कामगारास आठवड्यातून सलग २४ तासांचा विसावा द्यावा असे ठरविले. परंतु तुमच्या घरी येणाऱ्या बाईच्या सुट्टीसाठी तुमच्या दाराशी कोणी निरीक्षक येणार नाही. तेथे अनुवादाचा पाचवा अध्यायच कायदा आहे. तिला आठवड्याचा एक दिवस द्यावा, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. कारण देवाने मान्ना अर्धा केला नाही, दुप्पट केला.

तसेच घरची गृहिणी. आज्ञेतील यादीत पत्नीचे नाव निराळे नाही, कारण ज्यास ‘तू’ म्हटले आहे त्यात तीही आहे. तरी रविवार हाच तिच्या सर्वाधिक श्रमाचा दिवस असतो. इस्राएल लोक शिजवावयाचे ते आदल्या दिवशी शिजवून ठेवीत. शनिवारी थोडी तयारी व रविवारी साधे जेवण, आणि मुलांनी व पुरुषांनी उचललेली ताटे, एवढ्याने पुष्कळ घरांत नवा शब्बाथ येईल.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी, सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर हुकूम पाठवून त्यांचा विसावा मोडू नये. शेतकऱ्याने मजुराची मजुरी सुट्टीच्या आदल्या दिवशी हाती द्यावी, म्हणजे तो निर्धास्त बसेल. पंचांनी व वडिलांनी पाळ्यांवर जाणाऱ्या सभासदांची यादी करावी; पहाटे अथवा सायंकाळी एक छोटी उपासना ठेवावी; ज्याची सुट्टी मंगळवारी असेल त्याच्या घरी मंगळवारी वचन व प्रार्थना न्यावी. आणि एखाद्या विधवेचा रोज उपासनेमुळे बुडत असेल, तर तिच्या चुलीची काळजी मंडळीच्या दानातून व्हावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद ५:१४ मधील यादीत आज आपल्या घरातील व कामावरील कोणाकोणाची नावे लिहावी लागतील?
२. मान्न्याच्या गोष्टीत आज्ञेपूर्वी भाकर दिली. ह्यावरून मंडळीने रोजंदारीच्या सभासदांसाठी काय करावे?
३. वाकलेल्या स्त्रीस सोडणे हे शब्बाथाचे काम कसे?
४. आपल्या मंडळीतील कोणास रविवारी उपासनेस येणे अशक्य आहे? त्यांस भेटावयास ह्या आठवड्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांस दास्यातून सोडविले आहेस. जे आमच्यासाठी राबतात त्यांस आमच्या हातून विसावा मिळो. जे रविवारीही कामावर आहेत त्यांजवळ तू उभा राहा. आणि आम्हां सर्वांस तुझ्या जुवाखाली चालावयास शिकीव. आमेन.